मॉर्गनच्या रायफलवाल्यांचा वेश चढवून इतिहास कळतो का?

रानवाट
2027 मध्ये अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या सॅराटोगाच्या लढायांना 250 वर्षं होतील. त्या लढायांत इंग्रजांविरुद्ध लढलेल्या डॅनियल मॉर्गनच्या रायफल पथकाचा वेश करून तळ ठोकणाऱ्या अमेरिकेतल्या हौशी गटांना अनेक जण ‘मोठ्यांची भातुकली’ म्हणून हिणवतात. मला ते साफ नामंजूर आहे.

14 जून 1775 ला बंडखोर अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसने दहा रायफल कंपन्या उभारायचं ठरवलं. पेन्सिल्व्हेनियाच्या सहा, मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या दोन-दोन. हत्यार आणि कपडे शिपायाने घरूनच आणायचे. अशा फौजेचा इतिहास कागदपत्रांत कमी आणि वस्तूंत जास्त सापडतो. न्यूयॉर्क राज्यातल्या एका तळावर मी पाहिलं: एका माणसाने शिंगातली दारू मापून नळीत ओतली, चरबी लावलेल्या चिंधीत गोळी ठेवली आणि गजाने रेटायला सुरुवात केली. गोळी आतल्या पीळदार खाचांत घट्ट बसावी म्हणून ही चिंधी. त्या माणसाचे खांदे भरून आले तेव्हा मला कळलं की ही बंदूक लांबवर अचूक का मारते, आणि भरायला इतका वेळ का घेते.

मराठी वाचकाला मॉर्गन अगदीच परका नाही. 1781 मध्ये काउपेन्सला त्याने ज्या इंग्रज अधिकारी टार्लटनचा धुव्वा उडवला, तो सेनापती कॉर्नवॉलिसच्या हाताखालचा. तोच कॉर्नवॉलिस पुढे टिपूविरुद्धच्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊंच्या बाजूने लढला.

चकमक
तळावरचं ठीक आहे, पण गर्दी जमते ती लुटुपुटूच्या लढाईला. तिथे गोळी नसतेच, आणि सुरक्षेसाठी बहुतेक गट गजही वापरू देत नाहीत. दारू ओतली, चापाजवळच्या वाटीत रंजक (पेट घेणारी दारू) घातली की बार. म्हणजे रायफल मस्केटइतकीच (बिनखाचांच्या साध्या बंदुकीइतकीच) झरझर उडते! एरवी मस्केटवाल्याचे तीन बार होईतो हिचा जेमतेम एक व्हायचा. शिवाय हिला संगीन नसायची. म्हणून तर मॉर्गनच्या जोडीला डिअरबॉर्नचं संगीनवालं हलकं पायदळ दिलं होतं. लढाईचं हे मर्मच मैदानावर दिसत नसेल, तर लोक घरी काय घेऊन जातात? मॉर्गनच्या टिमथी मर्फीने झाडावर चढून इंग्रजांच्या जनरल फ्रेझरला टिपल्याची गोष्ट. तिला त्या काळातला भक्कम पुरावा नाही.

ओलीपाटी
चकमक, तुमचा मुद्दा बरोबर, पण खापर चुकीच्या डोक्यावर फुटतंय. राष्ट्रीय उद्यानांच्या जमिनीवर दोन फौजा समोरासमोर उभ्या करून लढाई रंगवायला परवानगीच नाही. सॅराटोगाचं रणांगण त्यातच येतं. तिथे दिसतो तो तळ आणि बंदुकीचं प्रात्यक्षिक. आणि सॅराटोगाच्या पहिल्या लढाईत, फ्रीमनच्या शेतावर 19 सप्टेंबर 1777 ला नक्की काय घडलं, ते असे जाणते लोकच सांगतात: पहिल्या फैरीत इंग्रजांचे अधिकारी पडले, जोशात रायफलवाले त्यांच्या पाठलागाला धावले, इंग्रजांच्या मुख्य फौजेवर आदळले आणि पांगले. मग टर्कीच्या आवाजाची शिट्टी वाजवून मॉर्गनने त्यांना गोळा केलं. यात फाजील शौर्यगाथा कुठे आहे?

नदीकाठ
तुम्ही तिघंही 1777 ला थांबलात. याच पथकातले लोक मेजर जेम्स पारच्या हाताखाली 1779 मध्ये वॉशिंग्टनच्या हुकमावरून निघालेल्या जनरल सुलिव्हनच्या मोहिमेत होते. मर्फीसुद्धा. हौदेनोशोनी या मूळ रहिवासी जमातींच्या संघाची चाळीसहून अधिक गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. त्या हिवाळ्यात हजारो माणसं नायगाराच्या इंग्रज किल्ल्याच्या आसऱ्याला गेली आणि त्यातली बरीच भुकेने, थंडीने मेली. 1790 मध्ये त्या संघातल्या सेनेका जमातीचा सरदार कॉर्नप्लांटरने वॉशिंग्टनला सांगितलं की, आम्ही तुम्हाला ‘गावं उद्ध्वस्त करणारा’ म्हणतो, ते नाव ऐकून आमच्या बायका अजूनही घाबरून मागे वळून पाहतात. तोच हंटिंग शर्ट (रायफलवाल्यांचा सैल सदरा), तीच रायफल. वेश चढवायचा तर दोन्ही वर्षांचा चढवा.

रानवाट
नदीकाठ, हे तळावर सांगितलंच पाहिजे, यात वाद नाही. पण त्यासाठी तो वेश उतरवायचा नाही, त्याच वेशातल्या माणसाने ते बोलायचं. बंदूक पाहायला आलेला पोरगा भिंतीवरचा फलक वाचत नाही. शिंग लटकवलेल्या माणसाचं मात्र तो ऐकतो.

नदीकाठ
ऐकेल, पण सांगणारा कोण हे सेनेका लोकांना विचारल्याशिवाय ठरवू नका. त्यांचे वंशज आजही न्यूयॉर्क राज्यातच राहतात. आधी त्यांना बोलवा, ते काय म्हणतात ते ऐका, मग तंबू ठोका.

चकमक
आणि बार काढण्याआधी लोकांना स्पष्ट सांगा, की खरी गोळी ठासायची असती तर अजून थांबावं लागलं असतं.