जमिनीतला कोळसा जुना झाला, की विषांवरची त्याची पकड सुटते का?

तापीकाठ : पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली कपाशीची वाळलेली झाडे) बांधावर पेटवून देण्यापेक्षा तिचा कोळसा, म्हणजेच बायोचार, करून शेतात मिसळावा आणि कीटकनाशकांचे अवशेष व जड धातू कायमचे अडकवून टाकावेत, असे मांडले जाते. पऱ्हाटी न पेटवणे मला मान्य आहे. कायमपणाचा दावा मान्य नाही. ताज्या कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांत पेंडीमिथॅलिनसारखे तणनाशक घट्ट बसते; पण पुढे हवापाण्याने पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होते, ह्यूमिक द्रव्ये (कुजलेल्या पालापाचोळ्यातून बनलेली) आणि चिकणमातीचे कण छिद्रे बुजवतात आणि ही क्षमता बहुधा घटते. शिवाय जे अडकले, ते नष्ट झालेले नसते.

यावलचा केळीवाला : आपण अर्धीच बाजू मांडलीत. त्याच ऑक्सिडीकरणातून कार्बोक्झिल गट (ऑक्सिजन असलेले आम्लधर्मी अणुगट) तयार होतात, पृष्ठभागावर ऋणभार वाढतो आणि शिसे, तांबे, कॅडमियम यांना धरणाऱ्या जागा वाढतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील ‘तेरा प्रेता’ या काळ्या मातीतला कोळसा ५०० वर्षांहून जुना आहे, तरी तिची धनभारित आयन (या धातूंचे आयनही असेच) धरण्याची क्षमता शेजारच्या जमिनीपेक्षा जास्त आढळते. स्फुरदयुक्त खतांतून थोडे कॅडमियम येतच असते, तेव्हा हा लाभ किरकोळ नव्हे.

तापीकाठ : धातू धरले जाण्यात कोळशासोबतच्या राखेचाही वाटा असतो. राखेमुळे जमिनीचा सामू (pH) वाढतो आणि धातू कार्बोनेट किंवा फॉस्फेटच्या रूपात साक्यासारखे बसतात. राख धुपून गेली की तेच पुन्हा विरघळू शकतात.

यावलचा केळीवाला : कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत, हो. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू मुळातच ८ च्या आसपास असतो. तिथे राख गेल्याने फारसे काही बिघडत नाही. आम्ल जमिनीवरचे निष्कर्ष खानदेशावर लादू नयेत.

अमळनेरची शेतकरीण : माझी अडचण तुम्हा दोघांच्याही वादात बसत नाही. कपाशीत उगवणीपूर्व तणनाशक मारायचे आणि ताज्या कोळशाने ते शोषून घेतल्यामुळे तण माजू द्यायचे, हा व्यवहार कोणाला परवडतो? माझ्या दृष्टीने कोळशाची पकड सैल होणे हीच सोय आहे. (निंदणीची मजुरी पाहिली की शास्त्र आपोआप समजते.) आणि आर्सेनेट किंवा क्रोमेट ही आर्सेनिक व क्रोमियमची रूपे ऋणभारित असतात, वाढलेला ऋणभार त्यांना धरण्याऐवजी दूर लोटतो, हेही सांगा.

यावलचा केळीवाला : ऋणभाराचा मुद्दा बिनतोड आहे. मात्र प्रयोगशाळेत कोळसा ‘जुना’ करण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात किंवा तो वारंवार गोठवून वितळवतात. इथे जमीन गोठत नाही. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. त्यामुळे प्रयोगशाळेतले आकडे जसेच्या तसे घेता येत नाहीत.

तापीकाठ : मग ‘कायमचे’ अडकते हेही कशाच्या आधारावर म्हणायचे? त्यातही खड्ड्यात केलेला कोळसा कुठे ३५० अंशांवर, कुठे ६०० अंशांवर तयार झालेला असतो आणि दोन्हींचे म्हातारपण वेगळे असते. एकाच वावरातून, एकाच खोलीवरून दरवर्षी नमुने घेऊन तपासल्याखेरीज हा दावा कोणी शेतकऱ्याच्या गळी उतरवू नये.