बोर्डोसाठी गेल्या वर्षीचा चुना चालेल का? खिळा तांबडा होतोय

मंडळी, जरा मदत हवी आहे. श्रीवर्धनकडे आमची सुपारीची बाग आहे. पाऊस तोंडावर आलाय आणि कोळेरोगासाठी (पावसात सुपारी सडवणारी बुरशी) एक टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण, मारायचं आहे. प्रमाण नेहमीचंच: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) ५० लिटर पाण्यात, १ किलो चुना ५० लिटरमध्ये, पिंपं प्लॅस्टिकची. कळीचा चुना (भाजलेला, पाणी न घातलेला) मात्र गेल्या वर्षीचा. गोणी पडवीत उघडीच राहिली, खड्यांचं पीठ झालंय. पाणी ओतलं तर ना वाफ, ना चर्र आवाज. मिश्रणात घासलेला खिळा बुडवला की त्यावर तांबूस थर चढतो. बाबा म्हणतात चुना दीडपट घाल. दुकानदार म्हणतो चुना कधी खराब होत नाही. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद १
वाफ आली नाही म्हणून चुना मेला असं नाही. कळीचा चुना हवेतला ओलावा घेऊन आपोआप विरतो आणि पीठ होतं. तोच विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आणि बोर्डोला हवा असतो तोच. घोळ पुढे होतो. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतो आणि परत कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे चुनखडीच. चुनखडी भाजताना भट्टीत जो वायू घालवला तोच परत आत आला.
चमचाभर पुडीवर व्हिनेगर टाकून बघा. फसफसलं तर कार्बोनेट झालंय. चांगला चुना बुडबुडे न काढता विरघळतो.

धागाकर्ता
जोरात फसफसतंय. पण हळद टाकली तर लालही होतेय. मग?

प्रतिसाद १
म्हणजे दोन्ही मिसळलेलं आहे, थोडा चुना अजून जिवंत आहे. तो किती, ते हळद सांगत नाही. तुमचा खिळा सांगतो. हिशोबाने १ किलो मोरचुदाला शुद्ध विरलेला चुना ३०० ग्रॅमच्या आसपास पुरतो. आपण किलोभर घालतो ते चुन्याचा भरवसा नसतो म्हणूनच. चुना कमी पडला की मोरचुदातलं मोकळं राहिलेलं तांबं खिळ्यावर बसतं. तरीही ते बसतंय म्हणजे किलोत तेवढाही उरला नाही. असं आम्लधर्मी मिश्रण फवारलं तर कोवळे घोस करपतील.

प्रतिसाद २
दीडपट घालून खिळा कदाचित स्वच्छ निघेल, पण पिंपात किलोभर चुनखडीची भुकटी राहील आणि नोझल तुंबेल. सुपारीच्या शेंड्यावर चढलेल्या माणसाला नोझल साफ करायला लावणार का? नवा कळीचा चुना आणा. चुनाच पाण्यात थोडा थोडा सोडा, भसकन पाणी ओतू नका, उकळून उडतो. डोळ्यांवर चष्मा हवाच. उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा, लिंबूबिंबू डोळ्यात पिळू नका. गार झाल्यावर फडक्याने गाळून घ्या आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात सोडा. त्याच दिवशी संपवा.
उरलेला चुना विरवून बादलीत ठेवा, वर चार बोटं पाणी आणि झाकण. हवा लागली नाही की पुढच्या फवारणीलाही चालतो. पानाच्या डबीतला चुना आपण ओला ठेवतो तो उगाच नाही.

धागाकर्ता
आणि जुनी गोणी?

प्रतिसाद २
बागेत पसरा. कोकणातल्या आंबट जमिनीला चुनखडी चालते. फक्त माती तपासून, आणि युरियाबरोबर एकाच वेळी नको, नत्र अमोनिया होऊन उडून जातं.