सर्फ फिशिंगसाठी पहिला रॉड-रीळ कुठला घेऊ? (बजेट ६ हजार, गाठ दिवाडकरांशी)

चोडणचा_नवखा
नमस्कार मंडळी. आमच्या चोडणच्या गळवाल्यांची आणि दिवाडच्या क्लबची दरवर्षी मैत्रीची स्पर्धा असते. किनाऱ्यावरून लाटांत गरी टाकायची. यंदा नोव्हेंबरात मोबोरला आहे, साळ नदी समुद्राला मिळते त्या टोकाकडे, पहाटे ५.३० ते ९.३०. माणशी एक रॉड, दोनच गऱ्या. मासा पट्टीवर ठेवून फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. प्रत्येक बाजूच्या सर्वांत लांब दहा माशांच्या लांबीची बेरीज करतात. सांगट (मिशांचा काटेरी मासा) हिशेबात धरत नाहीत. आमचा एक गडी दुबईला गेला म्हणून माझी वर्णी लागली. मी आजवर मानशीवर (खाजनात पाणी आत-बाहेर सोडायच्या झडपेवर) आणि फेरीच्या धक्क्यावर साध्या सहा फुटी रॉडने काळुंदरं आणि तामसे काढलेत, समुद्रावर कधी उतरलो नाही. बजेट रॉड, रीळ, तंगूस (नायलॉनची दोरी) सगळं धरून ६ हजार. वर एक रुपया नाही, घरी तसं कबूल करून बसलोय. काय घेऊ?

मडगावचा_पात्रांव
सहा हजारांत सर्फचं काही येत नाही, स्पष्ट सांगतो. माझा १४ फुटी जपानी रॉड, वर ८००० साईझचं रीळ, मिळून ३२ हजार. कोलव्याला फेकलं की शिसं कुठं पडलं ते दिसतसुद्धा नाही. एकदाच चांगलं घे. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी उतर.

केंड_कापतो
पात्रांव, मागच्या धाग्यावर २८ हजार होते.
नवख्या, १२ फुटी घे, १०० ते १५० ग्रॅम लिहिलेला, म्हणजे तेवढं शिसं फेकणारा. रीळ ५००० किंवा ६०००. ब्रेड म्हणजे विणलेली दोरी अजिबात भरू नको, ०.३५ मिमीचं साधं तंगूस पुरे. मी ब्रेड भरून बाणावलीला गेलो होतो. अंधारात अशी गाठ बसली की उजाडेपर्यंत वाळूत बसून ती सोडवत होतो, आणि बाजूचा माणूस एकामागून एक दोडयारे काढत होता.

बायणेकर
ब्रेडचा दोष नाही, ती रिळावर सैल भरली की गाठी होतात. ताण देऊन भरायची आणि पुढे जाड तंगुसाचा शॉक लीडर लावायचा. हिशेब सोपा आहे: शिशाच्या प्रत्येक औंसाला १० पौंडांचा लीडर. ४ औंस म्हणजे ११३ ग्रॅम, त्याला ४० पौंडांचा. लांबी रॉडच्या दुप्पट ठेव, म्हणजे फेकताना लीडरचे चार वेढे रिळावर राहतात. लीडर नसेल तर जोरात फेकताना दोरी तुटते आणि शिसं कुणाच्या तरी डोक्याकडे जातं. स्पर्धेत माणसं ओळीने उभी असतात, हे थट्टेवारी नेऊ नका.

वेंगुर्लेकर_६२
रॉड कित्याक होयो? आमचे आजे बोटाक तंगूस गुंडाळून रावस काढीत. आता पोरांक आधी दुकान होया.

चोडणचा_नवखा
काका, नियमात रॉड लिहिलाय. नाहीतर बोटाने काढायला मीही तयार आहे.

मडगावचा_पात्रांव
२८ नुसते रॉड-रीळचे होते. बॅग आणि स्टँड धरून ३२.

फातर्पेकर
१२ फुटी घे. रील ५००० चं. आणि आल्यावर गोड्या पाण्याने धू.

केंड_कापतो
हेच वर लिहिलंय.

फातर्पेकर
धुवायचं कुणी लिहिलं नव्हतं. नळाचा जोरदार फवारा मारू नकोस, मीठ उलट आत जातं. हळू पाणी सोडायचं, पुसायचं, आणि ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, ढिला करून ठेवायचा. माझं रीळ अजून आवाज करत नाही.

दिवाडची_सून
शत्रूपक्षाकडून नमस्कार! आमच्याकडे मी आणि थोरले भावोजी दोघंही उतरतो. रॉड १२ फुटीच घ्या, पण दोन तुकड्यांचा. टेलिस्कोपिकच्या सांध्यात वाळू शिरली की तो बंद होत नाही. मी तसा उघडा रॉड घेऊन फेरीत उभी राहिले होते आणि लोक मला झेंडा घेऊन निघालेय का विचारत होते. आमचा झेंड्यांचा सण, बोंदेरा, होऊन गेला होता तेव्हा.
बाकी गुपितं सांगणार नाही. एवढंच सांगते, गेल्या खेपेला सगळे गडी लांब फेकायच्या नादात होते आणि माझ्या मुडदुश्या पहिल्या लाटेच्या मागच्या चरात लागल्या. लाट फुटते तिथे वाळूचा उंचवटा असतो, जिथे फुटत नाही आणि पाणी जरा काळसर दिसतं तिथे खोल. आदल्या दिवशी ओहोटीला जाऊन चर बघून ठेवायचा.

खाजनशेत
तुम्हाला फेरीत उभं तरी राहायला मिळतं. चोडणकरांना रो-रो (गाड्या नेणारी मोठी फेरी) मिळाली आणि आम्ही अजून रांगेत.

चोडणचा_नवखा
रो-रोसाठीसुद्धा रांग असते हो. धाग्यावर या.

बार्देशकर
मोबोर एवढं लांब कशाला? मोरजीला करा, नदीमुख तिथेही आहे. हेडलॅम्प लावून रात्रभर बसता येईल.

बायणेकर
नोव्हेंबरपासून तिथे कासवं अंडी घालायला येतात. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग चारही ठिकाणी. उजेड दिसला की मादी परत फिरते. रात्री हेडलॅम्प घेऊन तिथे बसायची कल्पना सोडून द्या.

केंड_कापतो
सांगट का धरत नाहीत? पेडण्याकडच्या आमच्या स्पर्धेत धरतात. तो काय मासा नव्हे?

दिवाडची_सून
धरला तर दहाच्या दहा सांगटच होतील, नदीमुखावर दुसरं काय लागतं चिखलात! शिवाय गरी काढताना काटा लागला तर माणूस दिवसभर कामातून जातो. लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना कमी होते. मग डॉक्टर.

केंड_कापतो
पक्कड वापरा. नियम भित्र्यांनी केलेला आहे.

फातर्पेकर
आमिषाचं कुणी बोलत नाही. सुंगटं (कोळंबी) सोलून रात्रभर मिठात ठेव, घट्ट होतात. वर शिवणकामातला बारीक इलॅस्टिक दोरा गुंडाळ, नाहीतर फेकताना सुंगट एकीकडे आणि गरी दुसरीकडे. बांगड्याची पट्टी कातडीसकट लाव. कुर्ल्या त्रास देत असतील तर गरीजवळ थर्माकोलचा छोटा मणी घाल, आमिष तळापासून जरा वर राहतं. केंड (फुगणारे मासे) आले तर मात्र जागा बदल, ते तंगूसच कापतात.

केंड_कापतो
म्हणून तर हे नाव.

जीवरक्षकाचा_भाऊ
रॉड कुठलाही घ्या, कमरेपर्यंत पाण्यात जाऊ नका. पहाटे जीवरक्षक ड्युटीवर नसतात. नदीमुखाशी ओहोटी सुरू झाली की पाणी बाहेर ओढतं, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात तर फारच. पाय घासत चाला, वागळी (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) वाळूत लपून असते. आणि वीज चमकायला लागली की कार्बनचा रॉड खाली ठेवून निघायचं. अजून गडगडाटी सरी असतात तेव्हा.

मडगावचा_पात्रांव
एवढं घाबरवलं तर पोरगा कॅरम खेळेल. नवख्या, काय ठरलं? माझा जुना १३ फुटी आहे, ११ हजारांत देतो, तुझ्यासाठी.

चोडणचा_नवखा
सगळ्यांचे आभार. काल पणजीला जाऊन घेतलं. १२ फुटी दोन हातांत धरून बघितला, दुकानाबाहेर फिरवूनही बघितला. सहा हजारांत जे १२ फुटी मिळत होते ते जड, पुढे लुळे, आणि वर रिळाला पैसे उरत नव्हते. म्हणून ९ फुटी घेतला, ३० ते ८० ग्रॅमचा, दोन तुकड्यांचा. रीळ ४०००, त्यावर ०.३० तंगूस. बिल ५,४५०. उरलेल्यात दोन डझन गऱ्या, शिसं आणि पीव्हीसी पाईपचा तुकडा, तोच वाळूत रोवून स्टँड.
तुम्ही सगळे १२ म्हणालात हे मान्य. पण मासा चरात असेल तर मला शंभर मीटर फेकायचंय कशाला? स्पर्धा वर्षातून एक सकाळ, मानस घरामागे रोज. १२ फुटी मानशीवर माडाच्या झावळ्यांत अडकेल.

बायणेकर
पटत नाही, पण घेतलाच आहेस तर ६० ग्रॅमच्या वर शिसं लावू नको आणि लीडर २० पौंडांच्या खाली नको. लाट मोठी असली की ६० ग्रॅम वाहत जाईल, तेव्हा चपट्या बाजूंचं, पिरॅमिडसारखं शिसं घे, गोल नको.

मडगावचा_पात्रांव
९ फुटीने समुद्र! हरल्यावर १३ फुटी १० हजारांत देतो.

वेंगुर्लेकर_६२
पाच हजार चारशे पन्नास. तेवढ्यात आमच्या घराक वर्षभराचा मासा येता.

दिवाडची_सून
चराचं मी कशाला बोलले! भावोजी धागा वाचून माझ्यावर तडकलेत. नवखे भाऊ, शनिवारी चर बघायला येणार असाल तर कळवा, आम्ही रविवारी येतो.