सुई टोचली आहे, आता काय करावे?

प्रश्न: मी सांगलीतील एका खाजगी दवाखान्यात परिचारिका आहे. काल रात्री सलाईन काढताना वापरलेली सुई हातमोज्यातून अंगठ्यात घुसली आणि रक्ताचा थेंब आला. रुग्णाची एचआयव्ही तपासणी झालेली नाही, आणि वरिष्ठ "काही होत नाही" एवढेच म्हणतात. मी थांबू का?

उत्तर १: ताई, अजिबात थांबू नका. एचआयव्हीचे प्रतिबंधक औषध शक्यतो पहिल्या 2 तासांत आणि फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हावे लागते, त्यामुळे रुग्णाच्या अहवालाची वाट न पाहता आजच सिव्हिलमध्ये जा. जखम पिळू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा.

उत्तर २: मी या गोळ्या घेतल्या आहेत. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅविर ही औषधे 28 दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायची असतात. सुरुवातीला मळमळले, तरी सोडल्या नाहीत. एचआयव्हीची चाचणी आज, मग 6 आठवड्यांनी आणि 3 महिन्यांनी करा. हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही विचारणा करा. रुग्ण एचआयव्हीबाधित असेल, तर अशा टोचण्यातून एचआयव्ही संसर्गाची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते, तरीही गोळ्या टाळू नका. 1097 या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.

प्रश्नकर्ती: आभारी आहे, लगेच निघते.