लंकावी ते फुकेत: शिडाच्या नौकेने सावकाश जावे की एका रात्रीत?

कोकणकडा:
आम्ही क्वालालंपूरला राहतो. जानेवारीअखेर एका मित्राच्या शिडाच्या नौकेतून मलेशियातील लंकावीहून थायलंडमधील फुकेतला जाण्याचा बेत आहे. सरळ अंतर सुमारे 120 सागरी मैल भरते. मित्राच्या मते एक दिवस आणि एक रात्र पुरेशी आहे, तर मला रोज संध्याकाळी नांगर टाकून निवांत जायचे आहे. आईही सोबत येणार असल्याने समुद्र कितपत खवळलेला असतो, मुक्काम कोठे करावेत आणि दोन्ही देशांची कागदपत्रे कशी उरकावीत, हे जाणकारांनी सांगावे.

मतलई:
आईंना अवश्य न्या. त्या दिवसांत तेथे ईशान्य मोसमी वारा असतो आणि तो थायलंडची भूमी ओलांडून समुद्रावर येत असल्याने, वारा चांगला असला तरी किनाऱ्यालगत मोठी लाट उठण्याइतका पाण्याचा पल्ला त्याला मिळत नाही. आपला मार्ग वायव्येचा, म्हणजे वारा थेट कुशीवर, नौकेच्या बाजूवर. शिडाला याहून सोयीचे काय हवे? मात्र हा वारा पहाटे व सकाळी जोर धरतो आणि दुपारी बहुधा पडतो, तेव्हा उजाडताच नांगर उचलावा व उरलेल्या मैलांसाठी डिझेल हाताशी ठेवावे.

पहिला मुक्काम थायलंडमधील कोह लिपे (‘कोह’ म्हणजे बेट), साधारण 25 मैलांवर. पुढचा कोह रोकपर्यंतचा टप्पा 45 मैलांच्या घरात जातो आणि तोच दिवस लांबतो. कोह रोकची दोन बेटे समोरासमोर असून मधल्या खिंडीत प्रवाहाला ओढ असते. तळाशी प्रवाळ असल्याने नांगर न टाकता राष्ट्रीय उद्यानाच्या बोयालाच दोर बांधावा. तेथून फी फी बेटे सुमारे 35 मैल आणि फुकेतचे चलोंग बंदर आणखी 25. एखादा दिवस हाताशी असेल तर कोह मूककडे वळा. बेटाच्या कड्यातील अंधाऱ्या बोगद्यातून सुमारे 80 मीटर पोहत गेले की चहूबाजूंनी कडे असलेल्या छोट्या पुळणीवर आपण निघतो. हे ओहोटीलाच करावे, आणि विजेरी व वाटाड्या सोबत असावा.

नांगरगडी:
मित्राचा रात्रीचा बेत मला पटत नाही. माकूळ पकडणाऱ्या थाई होड्यांचे हिरवे दिवे क्षितिजाखालूनही आभाळ उजळताना दिसतात, त्यामुळे त्या चुकवता येतात. खरा धोका बिनदिव्याच्या लहान होड्यांचा आणि जाळ्यांचा आहे. जाळ्याची खूण म्हणजे तरंडावर उभी केलेली काठी आणि तिला बांधलेले फडके, जे दिवसासुद्धा अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही; नौकेच्या इंजिनाच्या पंख्यात जाळे अडकले, तर अंधारात पाण्यात उतरून ते कापण्याची पाळी कोणावर तरी येणारच.

कागदपत्रांविषयी: लंकावीत बंदर कार्यालय, कस्टम्स व इमिग्रेशन या तिन्हींकडून निर्गमनाची नोंद करून बंदर सोडल्याचा दाखला घ्यावा, कारण चलोंगला तोच आधी मागतात. नौकेवरील माणसांची यादी तयार ठेवावी आणि थायलंडचे डिजिटल आगमनपत्र ऑनलाइन भरावे. थायलंडच्या हद्दीत शिरताच पिवळा बावटा (प्रवेशाची नोंद व्हायची आहे याची खूण) चढवावा आणि घड्याळ एक तास मागे घ्यावे. चलोंगला तिन्ही कार्यालये धक्क्याजवळ एकाच इमारतीत आहेत. एक पेच मात्र लक्षात घ्या: मलेशियातून बाहेर पडल्याचा शिक्का बसलेला आणि थायलंडचा अजून नाही, अशा अवस्थेत आपण वाटेतल्या बेटांजवळ थांबणार आहात. तसे मुक्काम अनेक नौका करतात, परंतु किनाऱ्यावर उतरणे मी टाळीन आणि थांबण्याविषयी लंकावीतील एजंटाला आधीच विचारीन. त्यामुळे फी फी सरळ ओलांडून आधी चलोंगला नोंद करावी आणि मग आईंना घेऊन परत फी फीला यावे, हे उत्तम.

मतलई:
हे योग्यच. एक भर घालतो: लंकावी 1987 पासून करमुक्त असल्याने निघताना मद्याची खोकी भरण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण थायलंडमध्ये माणशी एक लिटरचीच करमाफी आहे. त्याऐवजी गोड्या पाण्याच्या टाक्या काठोकाठ भरून घ्या. लिपेनंतर थेट फी फीपर्यंत भरवशाचे पाणी नाही.