लहानपणीचा आदर्श कधी आणि कसा सुटला? अनुभव सांगा

परवा जुनी वही सापडली, त्यात नववीतल्या मी लिहून ठेवलंय - कधी खोटं बोलणार नाही, कुणापुढे वाकणार नाही, नावडतं काम पैशासाठी करणार नाही. तिन्ही मोडलेत, तिसरं तर रोज मोडतोय. तुमचं काय? लहानपणी डोक्यावर घेतलेलं माणूस किंवा तत्त्व कधी खाली उतरलं? उपदेश नकोत प्लीज, अनुभव लिहा.

---

हॅन्सी क्रोनिए, दक्षिण आफ्रिकेचा तेव्हाचा क्रिकेट कॅप्टन. १९९९च्या वर्ल्डकपमध्ये भारताविरुद्ध तो कानात इअरपीस घालून उतरला होता, कोच वुल्मर बाहेरून सूचना देणार म्हणून. मग तो काढायला लावला ते वेगळं, पण मला इतकं भारी वाटलं की बिघडलेल्या इअरफोनचं एक टोक कानात आणि वायर खिशात अशा थाटात मी कॅप्टनगिरी करायचो. एप्रिल २०००मध्ये फिक्सिंगचा आरोप झाला, आधी त्याने नाही म्हटलं म्हणून मीपण सगळ्यांशी नाही नाही म्हणत भांडलो, अगदी हातघाईवर आलो, आणि चार दिवसांत त्यानेच पैसे घेतल्याचं कबूल केलं. खरं सांगू, त्याच्यावर राग कमीच आला, ज्यांच्याशी भांडलो त्यांना आता तोंड कसं दाखवू याचंच टेन्शन. २००२मध्ये तो विमान अपघातात गेला तेव्हा रडलो का ते आठवत नाही, पण तो इअरफोन शोधत बसलो होतो. नाही सापडला.

---

आदर्शात बसतं का माहीत नाही, पण प्लूटो! नऊ ग्रह एका दमात म्हणून दाखवायचे ही माझी घरातली एकमेव कीर्ती होती. २००६ला तो बटुग्रह झाला आणि शेवटचं नाव घेताना आवाज चढवायची माझी सवय वाया गेली :)

---

माझं जरा लाजिरवाणं आहे. सहावीत प्रामाणिकपणावर भाषण केलं, पहिला नंबर. भाषण आमच्या बाईंनी लिहून दिलेलं, आणि परीक्षकांनी विचारलं तर स्वतः लिहिलं म्हण, हेही त्यांनीच पढवलेलं. मला त्या बाई देवासारख्या होत्या. तेव्हा काही खटकलंच नाही हो, कॉलेजात कुणाला तरी हौसेने किस्सा सांगताना मधेच थांबले, तेव्हा लक्षात आलं आपण काय सांगतोय. आता मीच शिकवते. मुलांना भाषणं लिहून देते, वेळच नसतो त्यांच्याकडे आणि माझ्याकडेही. विषय प्रामाणिकपणा असला तर मात्र दुसऱ्या मॅडमकडे पाठवते.

---

वरचं वाचून हसलो आणि मग नाही हसलो.

माझे बाबा पट्टीचे पोहणारे. म्हणजे मला बारा वर्षांचा होईपर्यंत तसंच वाटायचं, कारण ते पाण्यात असायचे, हात मारायचे, ओरडून सूचना द्यायचे. मग मी नीट पोहायला शिकलो आणि खोल बाजूने हाक मारली, बाबा इकडे या ना. ते म्हणाले, तू हो पुढे, आलोच. तेव्हा पहिल्यांदा दिसलं की त्यांचे पाय कायम तळाला टेकलेले असतात. काही बोललो नाही. पुढच्या वेळेपासून मीच उथळ बाजूला थांबायला लागलो, तर ते म्हणायचे, घाबरतोस कशाला एवढा?