मदत हवी आहे: आई माळकरी झाली, बी१२ फार उतरलंय

नमस्कार मंडळी, आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. आईने दोन वर्षांपूर्वी त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या पौषवारीत माळ घातली. तेव्हापासून मटण, मासे, अंडी सगळं बंद. वजन उतरलं, बीपी आटोक्यात आलं, ती समाधानी आहे. पण महिनाभर तळपायाला मुंग्या येतात. परवा भाकरी थापताना म्हणाली, "पीठ हाताला लागतंय की नाही तेच कळेना." तपासणीत बी१२ १४० निघालं, हिमोग्लोबिन साडेनऊ. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत.

मामा म्हणतात, माळ उतरव, रस्सा पाज. मला ते मुळीच पटत नाही. तिची श्रद्धा मोडायची नाही. पण बी१२ डाळी-भाज्यांतून मिळत नाही, दूध-दह्यातून मिळतं, आणि आईला दूध पचत नाही. ताक तेवढं घेते. लोह अंगी लागावं म्हणून उसळीवर लिंबू पिळतो, जेवणावरचा चहा तासभर लांबवलाय.

तुमच्या घरी कोणी माळकरी आहे का? इंजेक्शनं संपल्यावर बी१२ कसं टिकवलंत, नुसत्या गोळ्यांवर भागतं का? मुंग्या जायला किती दिवस लागले? आणि एकादशीला साबुदाण्याऐवजी काय देता? कृपया अनुभव सांगा.